कळशीवाली स्पोर्ट्स कार

मी फक्त चार नट खोलणार होतो. एवढंच ठरवून मी त्या सकाळी अंगणात गेलो होतो. पुढं घरातली कळशी गेली, बोनेटला भोक पडलं, सटवा वेल्डरच्या भुवया जळाल्या आणि आईला घेऊन मी मांजरसुंब्याच्या एका ढाब्याला प्रदक्षिणा घालत बसलो, त्याला माझा इलाज नव्हता. चार नट खोलले की पुढचं आपोआप होत जातं. ज्यानं कधी इंजिन खोललंय त्याला विचारा.

माझं नाव बसवेश्वर. घरात बसू. नावात ईश्वर आहे, पण दहावीच्या गणिताला तो दोन्ही वेळा आला नाही, म्हणून तिसऱ्यांदा मीच त्याला त्रास दिला नाही. नेकनूरला आमचं किराणा दुकान आहे, ते मी बघतो. (दुकान मला बघतं, असं वहिनींचं म्हणणं आहे.)

गाडी माझ्या थोरल्या भावाची. मन्मथदादाची. दादाचं मांजरसुंब्याला हायवेला लागून गॅरेज आहे. होतं. (ही चूक माझ्याकडून अजून होते, तेवढी चालवून घ्या.) ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, सगळं दादाच्या हाताखालून जायचं. पण त्याचा जीव होता तो हैदराबादच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या त्या लाल स्पोर्ट्स कारमध्ये. दोन सीटची, उघड्या छताची, परदेशी, आणि वयानं आमच्या वडिलांच्या बरोबरीची. इतकी बसकी की शेजारचं कुत्रं तिच्याकडं मान खाली घालून बघायचं. गावानं तिचं नाव घोरपड ठेवलं. दादाला ते नाव आवडलं होतं. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, असं तो म्हणायचा.

दादा गेला त्याला वर्ष होत आलं. साध्या तापाचं निमित्त झालं. त्याबद्दल मी बोलत नसतो. गाडीबद्दल म्हणाल तेवढा वेळ बोलतो.

तर घोरपड आमच्या अंगणात उभी होती. आई सकाळची पूजा आटोपून ओट्यावर यायची, चहाचा कप हातात घ्यायची, समोर घोरपड दिसायची, आणि चहा गार व्हायचा. रोज. वर्षभर आई कुठं गेली नाही, कुणाकडं गेली नाही, आणि तिनं गरम चहा प्यायला नाही. शेवटी ईश्वरीवहिनींनीच विषय काढला. वहिनी शाळेत विज्ञान शिकवतात, त्यामुळं त्यांना घरातल्या सगळ्या गोष्टींची कारणं माहीत असतात.

"भावजी, पुण्याचा एक हौशी माणूस गाडी न्यायला तयार हाय. पुण्यस्मरण झालं की देऊन टाकू."

"दादाची गाडी?"

"आईंचा चहा रोज गार होतोय. दिसत न्हाई का तुमाला?"

"मग चहा गरम करून देऊ. गाडी कावून विकायची?"

गाडी त्यांच्या नावावर, निर्णय त्यांचा. आता इथं शहाण्या माणसानं गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसलो की माझ्या घशात काहीतरी अडकतं, म्हणून मी बोलतो. मी जोरात म्हणालो, "दादानं ती अर्धी सोडलीय, मी पुरी करतो. पुण्यस्मरणाच्या दिवशी आईला त्याच गाडीत बसवून कपिलधारला नेतो!"

हे माझं डोकं नव्हतं, दादाचंच होतं. मन्मथस्वामींच्या नावावरून त्याचं नाव ठेवलेलं, म्हणून घोरपड पुरी तयार झाली की आधी आईला घेऊन कपिलधारला स्वामींच्या समाधीला जायचं, हे त्यानं गाडी आणली त्या दिवशीच आईला सांगितलं होतं.

"आणि रस्त्यात बंद पडली तर?" वहिनींनी विचारलं.

"न्हाई पडत."

"ढकलावी लागली तर?"

"आपली गाडी? ढकलायची?" मी हसलो. (तोपर्यंत मी आयुष्यात एक बल्ब आणि स्कुटीचा एक प्लग बदलला होता.)

"ठरलं मग," वहिनी म्हणाल्या. "एकदाबी बंद न पडता आईंना घेऊन कपिलधारला पोचली तर गाडी घरात राहील. न्हाईतर दुसऱ्या दिवशी पुण्याला."

"ठरलं!"

आता गाडीत नेमकं काय राहिलं होतं ते सांगतो. सोपं आहे, मलासुद्धा समजलं होतं. दादानं जुना कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवायला घेतलं होतं. पेट्रोल शिंपडणारे फवारे लावून झाले होते, वायरी ओढून झाल्या होत्या, हवा मोजून पेट्रोल किती द्यायचं ते ठरवणारा छोटा कॉम्प्युटर सीटखाली बसला होता. राहिलं होतं फक्त हवेचं खातं. त्यात दोन वस्तू. एक, इंटेक मॅनिफोल्ड, म्हणजे एक पेटी आणि तिला चार नळ्या, प्रत्येक सिलिंडरला हवा वाटून देणाऱ्या. दुसरी, थ्रॉटल बॉडी, म्हणजे त्या पेटीच्या तोंडावरचं दार. दारात एक गोल झडप असते. ॲक्सिलरेटर दाबला की झडप उघडते, पाय उचलला की स्प्रिंगनं मिटते. संपलं. दोन्ही वस्तू दादानं आणून, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. इंजिनावरचं झाकण चार नटांवर होतं. ते खोलायचे, दादाच्या वस्तू बसवायच्या, गाडी चालू.

नट खोलले. फडकं सोडलं. आणि दादाची थ्रॉटल बॉडी हातात घेऊन मी बघतच राहिलो. तोंड चहाच्या कपाएवढं! एवढी स्पोर्ट्स कार, आणि तिनं श्वास घ्यायचा तो कपातून?

माझ्या डोक्यात एकच विचार आला, तो म्हणजे दादाला घाई झाली असणार. मोठी मिळाली नसेल म्हणून ही आणली असेल. त्याची ही एवढी कसर आपण भरून काढू. त्याच दिवशी मी बीडच्या भंगार बाजारात गेलो आणि एका पडीक जीपची थ्रॉटल बॉडी घेऊन आलो. तोंड कसलं, अख्खी मूठ आत घालून हलवता येईल एवढं.

वहिनी शाळेतून आल्या, वस्तूकडं बघितलं, म्हणाल्या, "भावजी, खिडकी मोठी केली म्हणून घरातला माणूस जास्त श्वास घेतो का?"

"वहिनी, तुमचं सायन्स शाळेतलं. हे रोडवरचं हाय."

त्या आत गेल्या. वाद जिंकल्यावर मला जसं बरं वाटतं तसं वाटलं.

पण मोठी थ्रॉटल बॉडी दादाच्या मॅनिफोल्डवर बसेना. बसणार कशी, कपावर कुणी परात बसवतं का? म्हणजे आता मॅनिफोल्ड नवीन हवं. मी सगळं पोत्यात घालून सटवाकडं गेलो. सटवा लोखंडी गेटं आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो, आणि त्याच्या ट्रॉल्या साखर कारखान्याच्या रांगेत वजनामुळं लांबूनच ओळखू येतात.

"हे काय हाय बे?" सटवानं विचारलं.

"हवेचं दार."

"मग घर कुठाय?"

"तेच तर बनवायचंय. एक पेटी पायजे. पोट मोठं, म्हंजी हवा साठंल. तोंड गोल, म्हंजी हे दार बसंल. गळा जरा निमुळता."

सटवानं चष्मा वर केला. "बस्या, पोट मोठं, तोंड गोल, गळा निमुळता. येड्या, ही तर कळशी झाली."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. असे क्षण शास्त्रज्ञांच्या आयुष्यात एखाद्याच वेळेला येत असतील.

घरात फळीवर मागच्या रांगेत एक स्टीलची कळशी होती. वर्षभरात तिला कुणी हात लावलेला मी पाहिला नव्हता. ती मी उचलली. (उचलली म्हणजे देशाच्या प्रगतीसाठी उचलली.) नळ्यांसाठी विहिरीच्या मोटारीचा जुना पाइप होता, त्याचे चार तुकडे केले. सटवानं कळशीच्या बुडाला ते जोडायला घेतले. ट्रॉली जोडणाऱ्या हाताला कळशी म्हणजे कागद. एकेका जागी भोक पडायचं, ते बुजवायला पत्रा लावायचा, पत्रा बुजवायला दुसरा पत्रा. मधेच एक ठिणगी त्याच्या चेहऱ्यावर आली आणि भुवया गेल्या. दुसऱ्या दिवसापासून सटवा कुठल्याही गोष्टीवर आश्चर्य करायचा बंद झाला. निदान तसं दिसायचं तरी.

घरी इकडं वहिनी कळशी शोधत होत्या.

"आई, फळीवरची कळशी बघितली का?"

"बायनाबाई आलती मागं, जुन्या साड्यांवर भांडी द्यायला. तिच्या टोपल्यात चुकून गेली का काय?"

"बायनाबाई भांडी देती, नेत न्हाई."

मी लगेच पुढं झालो. "थांबा, मी बघतो." आणि मी मनापासून शोधलं. खाटेखाली, धान्याच्या कोठीमागं, माळ्यावर. शोधता शोधता मला खरंच वाईट वाटलं, एवढी चांगली कळशी गेली कुठं?

कळशी इंजिनवर बसली. तोंडानं फुंकल्यावर ज्या चिरांतून शिट्टी वाजत होती तिथं एम-सील लावलं, सांध्यात सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. मग कळलं, बोनेट लागत नाही. कळशी वर येते. मी बोनेटला गोल भोक पाडलं. आता बोनेट लागलं, आणि भोकातून कळशीचा चकचकीत खांदा, गळा आणि वर आ वासलेलं जीपचं तोंड. त्यावर हवेचा फिल्टर बसवायला जागाच नव्हती. मी म्हटलं, राहू द्या. मोकळा श्वास घेऊ द्या तिला.

पुण्यस्मरणाच्या आदल्या दिवशी मी किल्ली फिरवली. आधी खोकली, मग काळा धूर, मग सटवा म्हणाला, "डोकं मागं घे बे!" आणि मग घोरपड गरजली. वर्षानं. शेजारचं कुत्रं घरात गेलं ते जेवायलाही बाहेर आलं नाही. आणि पाय? पाय नुसता दाखवला की गाडी उडी मारायची. मी गाडीतून उतरलो आणि जरा वेळ परसात जाऊन उभा राहिलो. धूर डोळ्यात गेला होता.

पुण्यस्मरणाचा सोमवार. सकाळी घरात पूजा झाली, जंगम स्वामींचं जेवण झालं, आणि मग आई ताट घेऊन अंगणात आली. स्टेअरिंगला विभूती, चाकांना विभूती, सीटवर बेलाचं पान, चाकांवर बेलाचं पान. मग ती बोनेटपाशी थांबली.

"हे काय हाय रं, बसू?"

"हे तिचं तोंड, आई. हितून ती श्वास घेती."

"मग पूजा हितं पहिली व्हायला पायजे होती की." तिनं त्या तोंडाभोवती विभूतीची तीन बोटं ओढली आणि अगदी मायेनं मधोमध बेलाचं त्रिदळ ठेवलं. मी हात जोडले. ज्या दाराची सगळी माहिती गावात फक्त मला होती, त्या दारापुढं मी डोळे मिटून उभा राहिलो.

डोळे उघडले तर वहिनी वाकून बोनेटकडं बघत होत्या. कळशीच्या खांद्यावर नावं कोरलेली होती. आमच्याकडं लग्नातल्या प्रत्येक भांड्यावर असतात, पण फळीवरून घेताना मी वाचायला थांबलो नव्हतो. (अभ्यासाचा आणि माझा संबंध आधी सांगितलाच.) वहिनींनी मोठ्यानं वाचलं, "चि. मन्मथ आणि चि. सौ. कां. ईश्वरी यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट."

सटवा हळूच फाटकाबाहेर गेला.

वहिनींनी पदराच्या टोकानं त्या अक्षरांवरची काजळी पुसली. सगळी नाही, दादाच्या नावावरची. मग सरळ उभ्या राहिल्या.

"ही बायनाबाईनं बसवली का हितं?"

"वहिनी, ते..."

"बसा गाडीत. उशीर होतोय. नैवेद्याचा डबा घेऊन मी स्कुटीवर मागून येते."

सीट दोनच. मी आणि आई. मी किल्ली फिरवली, घोरपड गरजली, मी पाय दाबला आणि आम्ही नेकनूरच्या बाहेर.

काय सांगू तुम्हाला! पदर उडतोय, आई डोळे गच्च मिटून "ओम नमः शिवाय" म्हणतेय, समोरून माजलगावकडं निघालेल्या ट्रॅक्टरातले ऊसतोडीचे लोक हात करतायत. मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. गाडी तशीच पळत होती. पुन्हा बघितलं. पाय खरंच उचललेला होता.

"आई, बघितलंस का? पाय काढून घेतला तरी पळतीय! याला म्हणायचं ताकद!"

"लई गुणाची हाय," आई एक डोळा उघडून म्हणाली.

मला कशाचीही शंका आली नाही. उलट वाटलं, वहिनींच्या खिडकीचं उत्तर हे असं द्यायचं असतं. मागं वळून बघितलं तर वहिनी कुठंच नव्हत्या.

मांजरसुंबा जवळ आलं तेव्हा मी गाडी सावकाश करायला गेलो. ब्रेक दाबला, वेग कमी झाला, ब्रेक सोडला, गाडी पुन्हा निघाली. क्लच दाबला तर इंजिन साखर कारखान्याच्या भोंग्यासारखं ओरडायला लागलं. आईनं कानावर हात ठेवले. मी घाबरून क्लच सोडला. असं उभ्या उभ्या ओरडत राहिलं तर इंजिन फुटणार, त्यापेक्षा चालतं ठेवलेलं बरं.

आता तुम्ही म्हणाल, किल्ली फिरवायची. मलाही सुचलं. हात किल्लीपर्यंत गेलासुद्धा. पण किल्ली फिरवली की गाडी बंद, आणि गाडी बंद म्हणजे पुणे. माझा हात तिथंच थांबला. त्या स्टेअरिंगवर दादाच्या बोटांचे काळे डाग अजून आहेत. ते मी पुसू दिले नव्हते, विभूती लावतानासुद्धा नाही. नाही फिरवणार किल्ली. काय व्हायचं ते होऊ दे.

पुढं कपिलधारलाही जाता येईना, कारण नैवेद्य वहिनींकडं. म्हणजे थांबायचं, पण न थांबता थांबायचं. समोर आप्पारावचा ढाबा दिसला. मोकळ्या जागेत मधोमध, चारी बाजूंनी ट्रक वळायला रस्ता, आणि शेजारी दादाच्या गॅरेजचं बंद शटर. मी दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ढाब्याभोवती वळवली.

पहिल्या फेरीत आप्पाराव गल्ल्यावरून उठला. "काकू! तुमी!"

आणि गेला. म्हणजे आम्हीच गेलो. ढाब्यामागं भट्टीवाला आचारी उलथणं हातात घेऊन बघत राहिला.

"बसू," आई म्हणाली, "हे हॉटेल आपण मघाशी बघितलं."

"ते दुसरं होतं, आई."

"आणि हा आप्पाराव बी दुसरा का?"

मी स्टेअरिंग फिरवलं. वळण होतं. तोपर्यंत आप्पाराव पुन्हा समोर आला. आप्पाराव दादाचा जिवलग, पण दादा गेल्यावर सगळा तालुका घरी भेटून गेला, हा एकटा आला नव्हता. आईच्या मनात ते वर्षभर होतं. तिनं संधी सोडली नाही.

"आप्पा, कावून आला न्हाईस रं घरी?"

त्याचं तोंड उघडलं, पण उत्तर यायच्या आत आम्ही भट्टीपाशी. पुढच्या फेरीत तो तयार होता.

"काय तोंडानं येऊ काकू? हिंमतच..."

भट्टी. आचाऱ्यानं आता नमस्कार केला. वळण.

"...झाली न्हाई! मोटरसायकल घेऊन तीनदा तुमच्या फाट्यावर आलतो..."

भट्टी. वळण.

"...आणि माघारी गेलतो!"

"शटरला कुलूप कुणी घातलंय?" आईनं ओरडून विचारलं.

"मीच!" फेरी. "रोज सकाळी झाडून घेतो मीच तिथं! त्याची खुर्ची हाय तशी हाय!"

एक अख्खी फेरी आई मान वळवून त्या शटरकडं बघत राहिली. मी तिच्याकडं बघितलं नाही. मला गाडी चालवायची होती. पुढच्या फेरीत ती म्हणाली, "चहा हाय का तुझ्याकडं?"

आप्पाराव माणूस वजनदार, पण त्या दिवशी तो धावला. काचेचा ग्लास घेऊन गाडीच्या बरोबरीनं धावत त्यानं आईच्या हातात चहा दिला. खाटांवरचे ट्रक ड्रायव्हर आता उठून बसले होते. एकजण ओरडला, "प्रदक्षिणा झाल्या की काकू, आता नारळ फोडा!" सगळे हसले. आणि माझ्या शेजारून एक आवाज आला, तो मी ओळखलाच नाही. आई हसत होती. चहा हिंदकळून पदरावर सांडत होता, आणि आई हसत हसत फुर्रकन एकेक घोट घेत होती. वाफा दिसत होत्या मला. गरम होता.

रिकामा ग्लास आप्पारावनं परत घेतला तेवढ्यात वहिनी आल्या. स्कुटी त्यांनी सरळ माझ्या वाटेत आडवी लावली आणि हात वर केला. शाळेत पोरं पळताना थांबवतात तसा. मी जीव खाऊन ब्रेक दाबला, गिअर काढला, हँडब्रेक ओढला. इंजिन भोंग्यासारखं ओरडायला लागलं.

"काय झालंय?"

"ताकद जास्त झालीय, वहिनी!"

"पाय काढा!"

"काढलाय!" मी दोन्ही पाय उचलून सीटवर मांडी घालून दाखवली.

वहिनी कळशीवरच्या तोंडात डोकावल्या. मग दोन बोटं आत घातली.

"वहिनी, बोटं!" मी किंचाळलो.

बोटं बाहेर आली. त्यांच्या चिमटीत बेलाचं पान होतं. तीन पानांतलं एक इंजिननं खाल्लं होतं, दोन चुरगळलेली, आणि देठ झडपेच्या कडेनं चपटा झालेला. आत टक् असा आवाज आला, झडप मिटली, आणि घोरपड खाली येत येत मांजरासारखी घुरघुरायला लागली. आप्पारावच्या ढाब्यावर एवढी शांतता कधी पडली नसेल.

"ही तुमची ताकद," वहिनी म्हणाल्या आणि देठ माझ्यासमोर धरला.

आईनं तो त्यांच्या हातातून घेतला, डोळ्यांना लावला आणि पदराला बांधला. "देवानं पळवली म्हणायची," ती मला म्हणाली, "आणि तू उगंच दमलास."

"बंद पडली नव्हती हां!" मी घाईनं म्हणालो. "सगळे साक्षीला हायेत. एकदाबी बंद पडली न्हाई!"

"उतरा," वहिनी म्हणाल्या.

"कावून?"

"पुढं घाट हाय. उतरा म्हटलं ना."

मी उतरलो. वहिनींनी पदर कमरेला खोचला, त्या जागी बसल्या, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. माझ्या पायाखाली उड्या मारणारी ती गाडी त्यांच्या पायाखाली दूध काढून झालेल्या गायीसारखी निवांत सरकली.

"तुमाला येती?" मी विचारलं.

"तुमच्या दादानं शिकवली. इंजिन खोलायच्या आधी. रविवारी सकाळी, तुमी झोपलेले असायचात तेव्हा."

"मग विकत कावून होता?"

त्यांनी गाडी जरा थांबवली. समोरच्या शटरकडं बघत म्हणाल्या, "एकटीनं कुठं फिरवायची?"

"एकटी कशी?" शेजारून आई म्हणाली. तिनं सीटवर पाय वर घेऊन मांडी ठोकली होती. "मी काय उतरतीय का आता? चल, घे गाडी."

आणि त्या गेल्या. सासू, सून आणि घोरपड. मी स्कुटीवर. वहिनींचं गुलाबी हेल्मेट डोक्यावर, नैवेद्याचा डबा पायात. घाटाच्या पहिल्या वळणावर लाल रंग दिसला, दुसऱ्या वळणावर नुसता आवाज आला, नंतर तोही नाही. पण तो आवाज काय होता सांगू! मोठ्या तोंडाचाच तो आवाज. दादाच्या कपातून तसा कधी आला नसता. (वहिनी म्हणतात, गाडी जास्त पेट्रोल पिते तेवढाच फरक. पण त्या शाळेतल्या.)

कपिलधारला पोचलो तेव्हा घोरपड पायऱ्यांच्या खाली उभी होती, इंजिन चालू. दोघी माझी वाट बघत होत्या, साक्षीदार म्हणून. मी जवळ आल्यावर वहिनींनी किल्ली फिरवली.

"पुण्याच्या माणसाला फोन करून न्हाई म्हणून सांगते," त्या म्हणाल्या, आणि आईचा हात धरून पायऱ्या चढायला लागल्या. या वेळी मी घशात अडकलेलं तसंच राहू दिलं.

खाली गाडीभोवती ही गर्दी जमली. कुणी चाक चाचपतंय, कुणी कळशीवरची नावं वाचतंय. मी एका हातात डबा घेऊन, दुसरा हात बोनेटवर ठेवून, मालकाच्या भावासारखा उभा राहिलो. पांढऱ्या टोपीतले एक काका मोबाइल समोर धरून म्हणाले, "ओ गुलाबी हेल्मेट, जरा सरका की. फोटोत येताय."

"काका," मी शांतपणे म्हणालो, "ही गाडी मी बनवलीय."

काकांनी मोबाइल खाली केला. माझ्या डोक्यावरचं हेल्मेट बघितलं, हातातला डबा बघितला.

"बरं बरं," ते म्हणाले. "प्रसाद कधी वाटायला घेताय?"

मागं माणसं हात पुढं करून उभीसुद्धा राहिली होती. मी डबा घट्ट धरला आणि म्हणालो, "आधी देवाला दाखवू द्या. रांगेत या."